हाफकिन संस्था: परळच्या प्रयोगशाळेचा इतिहास

मुंबईतील परळ येथे १० ऑगस्ट १८९९ रोजी ‘प्लेग संशोधन प्रयोगशाळा’ या नावाने जी संस्था सुरू झाली आणि १९२५ पासून जी ‘हाफकिन संस्था’ म्हणून ओळखली जाते, तिचा जन्म निवांत काळातील विद्याव्यासंगातून झालेला नाही. साथ, दुष्काळ आणि राज्यसत्तेची जबरदस्ती अशा तिहेरी आपत्तीत सापडलेल्या शहरात ती उभी राहिली. तिचा इतिहास बहुधा लसींचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि त्यात वावगे काही नाही. परंतु ज्यांच्या दंडात ती लस टोचली गेली, ज्यांच्या घरांची झडती घेतली गेली आणि ज्यांना छावण्यांत नेले गेले, त्या माणसांचा या प्रयोगशाळेशी आलेला संबंध बाजूला ठेवला, तर हा इतिहास अर्धाच राहतो. सार्वजनिक आरोग्य म्हणजे एकेका रोग्याच्या उपचारापलीकडे जाऊन संपूर्ण लोकसमूहाचे रोगापासून रक्षण करण्याची व्यवस्था, आणि मानवी हक्क म्हणजे केवळ माणूस म्हणून प्रत्येकाचा आपल्या देहावर, घरावर, आप्तांवर आणि प्रतिष्ठेवर असलेला अधिकार. संकटकाळी या दोहोंत विरोध असतो, एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यावाच लागतो, अशी समजूत राज्यकर्त्यांमध्ये फार जुनी आहे. परळच्या प्रयोगशाळेचा अनुभव या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात काम करणारे गोमंतकीय वैद्य डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी काखेत व जांघेत गाठी येऊन तीव्र ताप भरणाऱ्या रुग्णांचा रोग गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. धान्याच्या वखारींनी आणि दाटीच्या चाळींनी भरलेल्या या बंदरालगतच्या वस्तीतून रोग शहरभर पसरला, आणि १८९७ च्या आरंभापर्यंत सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसे गाव गाठण्यासाठी बाहेर पडली. ती ज्या गावांकडे निघाली होती, तेथे त्याच वर्षी दुष्काळ होता. शहरात राहिले तर मरण आणि गावी गेले तर उपासमार, अशा कोंडीत सापडलेल्या गिरणी कामगाराच्या दृष्टीने पाहिल्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ लागत नाही.

सरकारने केलेली उपाययोजना कठोर होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेल्या साथरोग कायद्याने प्रांतिक सरकारांना साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटतील ते नियम करण्याचा जवळजवळ अमर्याद अधिकार दिला, आणि त्याच्या चौथ्या कलमाने या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही, असे संरक्षण दिले. अवघ्या चार कलमांच्या या कायद्यात नागरिकाच्या बाजूने एकही वाक्य नव्हते. रुग्णाला सक्तीने रुग्णालयात हलवणे, त्याच्या घरच्यांना विलगीकरण छावणीत, म्हणजे रोगाच्या संशयितांना इतरांपासून दूर ठेवण्याच्या तळावर, नेऊन ठेवणे, घरातील चीजवस्तू जाळणे, प्रेताची तपासणी झाल्याखेरीज अंत्यविधी होऊ न देणे आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपून पाहणे हे नित्याचे झाले. पुरुष डॉक्टरांनी स्त्रियांची अशी तपासणी करणे हा तर लोकांना उघड अपमान वाटला. कायदा होण्यापूर्वीच, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्याच्या प्रयत्नावरून दंगल उसळली. या उद्रेकांना अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे सोपे होते आणि तत्कालीन अधिकाऱ्यांपैकी अनेकांनी ते केलेही. परंतु ज्या रुग्णालयात गेलेला माणूस बहुधा परत येत नाही आणि ज्याला नेले त्याची बातमीही घरी कळत नाही, त्या रुग्णालयाची भीती बाळगणे हा अडाणीपणा ठरवता येत नाही.

पुण्यात ही जबरदस्ती टोकाला गेली. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील विशेष प्लेग समितीने मार्च १८९७ पासून गोऱ्या सैनिकांकरवी घरांच्या झडत्या सुरू केल्या. देवघरे व स्वयंपाकघरे त्यातून सुटली नाहीत. लोकमान्य टिळकांनी शहरात हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला, म्हणजे उपायांना त्यांचा सरसकट विरोध नव्हता, विरोध होता तो ते राबवण्याच्या रीतीला. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल जाहीर पत्र लिहून सरकारला जाब विचारला. इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे अत्याचारांचे आरोप केले, परंतु ते सिद्ध करता येतील असा पुरावा हाती न आल्याने त्यांना माफी मागावी लागली. भयाखाली जगणारा समाज साक्ष देण्यास पुढे येत नाही, ही हक्कभंगाच्या प्रत्येक चौकशीत आजही आढळणारी अडचण त्यांच्या वाट्याला आली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या प्रसंगात ब्रिटिश लष्करी अधिकारी लेफ्टनंट आयर्स्ट तत्काळ मरण पावले, तर रँड ३ जुलैला. त्यानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. सैनिकांच्या झडत्या आणि सावित्रीबाईंनी केलेली शुश्रूषा एकाच शहरात, एकाच महिन्यात चालू होती, हे साथीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वाल्डेमार मोर्दकाय हाफकिन मुंबईत आले ते या वातावरणात. १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या जीवाणुशास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीवरील, म्हणजे कॉलऱ्यावरील, लस तयार करून १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती आणि १८९३ पासून बंगालमध्ये व उत्तर हिंदुस्थानात हजारो लोकांना ती दिली होती. मुंबई सरकारच्या विनंतीवरून ऑक्टोबर १८९६ मध्ये ते येथे आले तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, तिच्या लगतची पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर त्यांनी काम सुरू केले. प्लेगचा जीवाणू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता. हाफकिन यांनी तो मांसाच्या रश्शात वाढवला. रश्शावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्याखाली जीवाणूंच्या लोंबत्या वसाहती तयार होतात, असे त्यांना आढळले. पुरेशी वाढ झाल्यावर उष्णतेने जीवाणू मारून आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालून लस सिद्ध होई. मेलेला जीवाणू रोग निर्माण करत नाही, पण शरीराला त्याची ओळख करून देतो आणि पुढे खरा जीवाणू आला तर शरीर प्रतिकाराला तयार असते, हे या लसीमागील तत्त्व. रश्शासाठी त्यांनी गाय व डुक्कर यांचे मांस टाळून बोकडाचे मांस वापरले, हा तपशील लहान दिसला तरी महत्त्वाचा आहे. ज्यांना लस द्यायची त्यांच्या श्रद्धेचा विचार येथे लस बनवण्याच्या पायरीवरच झाला होता, तो समजुतीच्या भाषणांवर सोपवला गेला नव्हता.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस नेहमीच्या प्रमाणाहून मोठ्या मात्रेत स्वतःला टोचून घेतली. ताप आणि वेदना सोसून ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, आणि तेथील कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस देऊन उरलेल्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. टोचणीच्या वेळीच ज्यांच्या अंगात रोग शिरलेला होता असे थोडे रुग्ण वगळता, लस न घेतलेल्या कैद्यांत बारा जण आजारी पडून सहा दगावले, तर लस घेतलेल्यांत दोनच आजारी पडले आणि दोघेही वाचले. या चाचणीला तिचे श्रेय द्यावेच लागते, कारण दोन्ही गट एकाच छपराखाली, एकच अन्न खात आणि एकाच धोक्यात होते. तरीही आजच्या कसोटीवर तिच्याबद्दल गंभीर आक्षेप उरतो. कैद्याने ‘हो’ म्हटले तरी ते तुरुंगाच्या भिंतीआड म्हटलेले असते. नकाराची किंमत काय पडेल हे त्याला ठाऊक नसते. संशोधनात भाग घेणाऱ्याची संमती दडपणाविना आणि पूर्ण माहितीनिशी घेतलेली असावी हे तत्त्व १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने मांडले आणि कैद्यांसारख्या पराधीन व्यक्तींना विशेष संरक्षण हवे ही जाणीव त्यानंतर रुजली. संस्थेच्या सर्वांत मोठ्या यशाचा पाया अशा जागी घातला गेला, हे तिच्या इतिहासात स्पष्टपणे नोंदवणे उचित आहे.

तुरुंगाबाहेर मात्र हाफकिन यांचा भर लोकांच्या इच्छेवर राहिला, आणि त्याचे फळ ठळक होते. पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे १८९७ च्या साथीत ८,२३० वस्तीपैकी २,१९७ जणांनी लस घेतली. त्यांच्यापैकी ३६ जण मरण पावले, तर लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२. मुंबईत तरुण आगाखान सुलतान महंमद शाह यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि खोजा समाजातील हजारो माणसे त्यांच्या मागोमाग पुढे आली. काही काळ हाफकिन यांची प्रयोगशाळाही आगाखानांनी दिलेल्या जागेत चालली. वेगवेगळ्या ज्ञातींनी स्वतःची प्लेग रुग्णालये काढली, जेथे रुग्णाला आपल्या माणसांची शुश्रूषा आणि आपल्या घरचे अन्न मिळे, आणि जी माणसे सरकारी रुग्णालयाच्या नावाने घर सोडून पळत ती येथे आपणहून येत. तथापि ऐच्छिकतेलाही एक छाया होती. लस घेतल्याचा दाखला असणाऱ्यांना विलगीकरणातून आणि प्रवासातील अडवणुकीतून सूट मिळे, त्यामुळे छावणीच्या भीतीने दंड पुढे करणाऱ्याची संमती कितपत स्वेच्छेची, हा प्रश्न राहतोच. लसीचा दाखला आणि संचाराचे स्वातंत्र्य यांची सांगड घालण्याची ही पद्धत सव्वाशे वर्षांनी, कोविडच्या साथीत, मुंबईकरांना लोकल गाडीच्या पासापाशी पुन्हा भेटणार होती.

वाढती मागणी पुरवण्यासाठी प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात नेण्यात आली आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मुळात पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती धर्मगृह असलेली ही वास्तू पुढे गव्हर्नरांचे निवासस्थान झाली होती. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पाठवल्या गेल्या.

या वाटचालीतील सर्वांत दुःखद प्रकरण पंजाबातील मलकोवाल गावचे आहे. १९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरण हाती घेतले, आणि ती मागणी पुरवण्यासाठी प्रयोगशाळेने लस बनवण्याच्या रीतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल येथे १०७ जणांना लस देण्यात आली; त्यांपैकी एकाच बाटलीतील, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतील, लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. चौकशी आयोगाने बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथे, तिच्यात धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि ते हिंदुस्थान सोडून गेले. मात्र बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब साक्षीत आलेली होती. मलेरियाच्या प्रसाराचा मार्ग शोधणारे शास्त्रज्ञ रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण लावून धरले. जुलै १९०७ मध्ये ‘टाइम्स’ या वृत्तपत्रात दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरून पुन्हा सेवेत आले, ते कलकत्त्यास.

या प्रकरणाची चर्चा आजवर बहुतेक एका थोर शास्त्रज्ञावरील अन्यायाची कहाणी म्हणून झाली आहे. तो अन्याय खरा होता आणि त्यात हाफकिन यांच्या ज्यू असण्याचा वाटा होता, असे मानण्यास जागा आहे. परंतु सरकारच्या विनंतीला मान देऊन दंड पुढे करणाऱ्या त्या १९ माणसांवरील अन्याय त्याहून मोठा होता. बाटलीचा क्रमांक शास्त्राच्या इतिहासात राहिला, त्यांची नावे राहिली नाहीत. दोष कोणाचा यावर पाच वर्षे आयोग, अहवाल आणि पत्रव्यवहार चालला. सार्वजनिक हितासाठी धोका पत्करणाऱ्याला इजा झाल्यास त्याची जबाबदारी कोणी घ्यायची, हा प्रश्न मात्र त्या सर्व वादात कोठेही अग्रभागी आला नाही.

संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम लसीचे नव्हे, रोगाच्या प्रसाराचा मार्ग शोधण्याचे आहे, असे म्हणता येईल. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्येच उंदरावरील पिसू हा रोग पसरवते असे मांडले होते, पण त्यावर फारसा विश्वास ठेवला गेला नाही. परळ येथे डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी हा धागा पुन्हा हाती घेतला. एका चाळीत उंदीर मरू लागल्यानंतर रहिवाशांच्या अंगावर पकडलेल्या पिसवांत उंदरावरील पिसवांचा भरणा मोठा असल्याचे त्यांना आढळले. एरवी या पिसवा माणसाकडे क्वचितच वळतात, आश्रय देणारा उंदीर मेला की वळतात. १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या आवारात मुद्दाम खोल्या बांधून प्रयोग केले. पिसवांनी भरलेल्या जमिनीवर ठेवलेले गिनीपिग मरत, तर पिसवेच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगलेल्या पिंजऱ्यातील गिनीपिग त्याच खोलीत, तीच हवा घेत जगत. रोग हवेतून, मळातून किंवा रुग्णाच्या नुसत्या सहवासातून येत नाही, हे त्यातून दिसून आले.

या शोधाचा हक्कांच्या दृष्टीने अर्थ फार खोल होता, जरी आयोगाच्या अहवालांत तो त्या शब्दांत सापडणार नाही. फुप्फुसाचा प्लेग, जो खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो, तो सोडला तर गाठीच्या प्लेगच्या रुग्णाला घरच्यांपासून तोडण्याने साथ थांबण्यासारखी नव्हती. ज्या मायलेकरांची ताटातूट केली, ज्यांच्या जांघा फलाटावर चाचपल्या आणि ज्यांच्या प्रेतांची अडवणूक केली, ते सारे बव्हंशी व्यर्थ होते. उलट उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या बांधून राहायचे, ही महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांची रीत शास्त्राच्या कसोटीला उतरत होती. जबरदस्ती अमानुष होती म्हणून त्याज्य ठरते, हे तर आहेच. पण ती ज्या ज्ञानाच्या नावाने केली जात होती ते ज्ञानही अपुरे होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत १९८४ मध्ये मांडल्या गेलेल्या सिराक्युसा तत्त्वांनुसार आणीबाणीत हक्कांवर मर्यादा घालायची तर ती कायद्याने घातलेली, खरोखर आवश्यक, पुराव्यावर आधारलेली आणि उपलब्ध उपायांतील सर्वांत सौम्य असावी लागते. १८९७ च्या उपायांपैकी बहुतेक उपाय यातील केवळ पहिल्या अटीला उतरतील.

१९३२ मध्ये साहिब सिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि पुढील सतरा वर्षांत तिचे स्वरूप पालटले. सल्फा वर्गातील औषधांनी प्लेगचा रुग्ण वाचवता येतो हे संस्थेतील संशोधनाने दाखवले, आणि तेव्हाच अशी औषधे देशात स्वस्तात बनवण्याच्या आड परदेशी कंपन्यांचे पेटंट, म्हणजे शोधावरील मक्तेदारीचा हक्क, येतात हेही सोखी यांच्या प्रत्यक्ष अनुभवास आले. जीव वाचवणारे औषध सार्वजनिक संस्थांनी बनवावे आणि ते गरिबाला परवडावे, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा अशी शिफारस केली. रँड यांच्या काळात लोकांचा हक्क म्हणजे सरकारने घरात न घुसणे एवढाच मुद्दा होता. सोखी यांनी त्याला दुसरी बाजू जोडली, की सरकारने औषध घेऊन दारापर्यंत आलेच पाहिजे. संस्थेच्या संचालकांत त्यांचे स्थान याच कारणाने सर्वांत वरचे मानावे लागते.

१९७० च्या दशकाच्या मध्यास उत्पादनाचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले आणि मूळ संस्था प्रशिक्षण, संशोधन व चाचणी यांपुरती राहिली. महामंडळाने तोंडावाटे द्यायची पोलिओ लस आणि सर्पदंशावरील प्रतिविष यांचे उत्पादन चालवले. दुसरे औषध मुख्यतः शेतमजुरांच्या कामी येते, त्यामुळे ते बनवणारी सार्वजनिक संस्था टिकणे हा ग्रामीण गरिबांच्या जिवाचा प्रश्न आहे. ज्या रोगासाठी ही संस्था जन्मली, त्या प्लेगची साथ १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि पाठोपाठ सुरत शहरात पुन्हा उद्भवली, तेव्हा सुरतेतून लाखो माणसे पळाली, ज्यांत महाराष्ट्रात परतणारे मजूरही होते.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्र शासनाने ज्या कायद्याचा आधार घेतला, तो १८९७ चाच साथरोग कायदा होता. परळच्या प्रयोगशाळेत त्या काळात रुग्णांच्या नमुन्यांच्या चाचण्या चालत होत्या, आणि शहरातून पुन्हा एकदा मजुरांचे लोंढे गावांकडे निघाले होते, या वेळी बंद पडलेल्या रेल्वेमुळे पायी. एप्रिल २०२० मध्ये अध्यादेशाने आणि नंतर संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील हिंसेसाठी कडक शिक्षा ठरवली. ते संरक्षण आवश्यकच होते. चौथे कलम मात्र जसेच्या तसे राहिले, आणि विलगीकरणात ठेवलेल्या माणसाने दाद कोठे मागायची, त्याची बातमी घरच्यांना कोणी द्यायची, त्या काळात बुडालेली त्याची मजुरी कोणी भरून द्यायची, याची तरतूद १८९७ च्या मसुद्यात नव्हती, तशी ती या दुरुस्तीतही आली नाही.